पाचूतल्या रेषा आणि त्याची निगा

एकाने विचारलंय, खड्यात भेगांसारख्या रेषा दिसतात म्हणजे पाचू खोटा का? अजिबात नाही. उलट अगदी नितळ आणि तरी स्वस्त खडा दिसला, तर मी आधी त्याच्यावर शंका घेईन. बेरिल या खनिजात क्रोमियम किंवा व्हॅनेडियम शिरलं की तो हिरवा रंग येतो, आणि खडा घडताना आत बरंच काही अडकतं. कोलंबियाचा पाचू सूक्ष्मदर्शकाखाली जरूर बघा: द्रवाचा इवलासा थेंब, त्यात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक! मला तर हे रंगाहून सुंदर वाटतं.

निगेचा खरा प्रश्न तेलाचा आहे. भेगा दिसू नयेत म्हणून बहुतेक पाचूंत तेल किंवा राळ भरलेली असते. त्यामुळे अल्ट्रासोनिक मशीन (ध्वनिलहरींनी दागिने साफ करणारं) आणि वाफ पूर्ण बाद, कडक गरम पाणीही नको. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, बस्स. मोह्सच्या 1 ते 10 मापनावर काठिण्य 7.5 ते 8 असलं तरी ठोका लागला की टवका उडतो, म्हणून भांडी घासताना अंगठी काढाच. हिऱ्यांसोबत एका डबीत ठेवू नका, चरे पडतात. विकत घेताना तेल भरलंय की राळ, हे प्रमाणपत्रावर लिहून घ्या.