एका बदकाखाली तीन प्रकारची अंडी, आता काय करू?

मळेवाली_दिंडोरी
नमस्कार मंडळी, दिंडोरीजवळ मळा आहे आमचा, शेततळं झाल्यापासून बदकं पाळतोय. लाल तोंडाची मस्कोव्ही जातीची मादी 2 मार्चला खुडूक (अंडी उबवायला) बसली, मोटरच्या खोलीत द्राक्षाच्या जुन्या क्रेटमध्ये. तिची स्वतःची 7 अंडी, आणि खाकी कॅम्पबेल ही आमची दुसऱ्या जातीची बदकं काय बसायचं नाव घेत नाहीत म्हणून त्यांची 5 मीच त्याच दिवशी खाली सरकवली. इथवर ठीक होतं. पण 8 तारखेला रंगपंचमीला आम्ही सगळे नाशकात रहाडीवर (रंगाच्या पाण्याचा हौद), आणि घरी सासूबाईंनी गावरान कोंबडीची 4 अंडी गुपचूप तिच्याखाली ठेवली, मला कळलं तिसऱ्या दिवशी. आज 19 तारीख. कोंबडीची पिल्लं आधी निघाली तर ही बाई त्यांना घेऊन उठेल आणि बाकीची अंडी गार पडतील ना? कोंबडीची अंडी काढून टाकू का? सासूबाईंना विचारलं तर म्हणतात आमच्या वेळी सगळं एकत्रच निघायचं.

निफाडकर
ताई काढू नका, आधी हिशोब करा. कोंबडीला 21 दिवस, खाकीला 28, मस्कोव्हीला 35. म्हणजे गावरान 29 मार्चला, खाकी 30 ला, एका दिवसाचा फरक! सासूबाईंना नमस्कार सांगा, ठरवून ठेवली असती तरी एवढं जमलं नसतं 😄 घोळ कोंबडीचा नाहीये, घोळ तिच्या स्वतःच्या 7 अंड्यांचा आहे, ती 6 एप्रिलला निघणार, आणि आठवडाभर आधी 9 पिल्लं चिवचिव करायला लागली तर ती उठणारच. (एक-दोन दिवस इकडेतिकडे धरूनच चाला.)

सिन्नरचा_बदकवाला
हिशोब बरोबर, पण नर कोणता आहे ते सांगा आधी. मस्कोव्ही नर खाकी माद्यांवर चढत असेल तर ती पिल्लं खेचराची म्हणजे संकराची, मोठी झाल्यावर वांझ, आणि 28 ला नाही तर 32 दिवसांच्या आसपास निघतात. आमच्याकडे हेच झालं होतं, 29 व्या दिवशी नासकी समजून उकिरड्यावर टाकणार होतो, कानाला लावलं तर आतून टकटक.

दुसरं, आज रात्री टॉर्च मारून बघा. खोली अंधारी करा, मोबाईलचा टॉर्च अंड्याच्या जाड टोकाला टेकवा. 17 व्या दिवशी चांगलं अंडं आतून बरंचसं काळं दिसतं, वर जाड टोकाला हवेची पोकळी तेवढी उजळ, कधी कधी आत हललेलंही दिसतं. सगळंच्या सगळं पिवळं उजळलं तर बीज धरलंच नाही, काढा. नासकं अंडं खाली फुटलं तर बाकीची अंडी बरबटतात आणि वास चार दिवस जात नाही. पेन्सिलने खूण करा, मार्कर नको. खूण नसलेलं दिसलं की समजायचं दुसरी मादी येऊन घालून गेली, ते लगेच उचला. आणि हे सगळं ती अंघोळीला उठते तेव्हाच, बसलेली असताना हात घातला तर पंखाचा असा फटका देते की मनगट दोन दिवस ठणकतं.

मखमलाबादची_ताई
पाण्याचं कोणी बोललं नाही. मार्चअखेर आपल्याकडे कोरडी हवा आणि ऊन तापायला लागतं, पत्र्याची खोली असेल तर विचारूच नका. तिला रोज एकदा घमेल्यात डुंबता येऊ द्या, ओली होऊन परत बसली की अंड्यांना ओल मिळते. पण पिल्लं निघायच्या दिवसापासून घमेलं बाहेर, कोंबडीची पिल्लं बदकाच्या मागे पाण्यात जातात आणि बुडतात, मी स्वतः दोन घालवली आहेत. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा.

29-30 ला जी निघतील ती अंगावर सुकली की उचलून खोक्यात बल्बखाली ठेवा, आणि खोकं घरात, तिला आवाज ऐकू जाणार नाही असं. घाई नको, पोटात बलक असतो, पहिला दिवस खायला नाही दिलं तरी चालतं. बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला पळाली तर बल्ब वर घ्या.

निफाडकर
+1. नंतर रात्री तिच्याखाली सोडता येतील का ते मात्र नक्की नाही, आमचीने एकदा घेतली आणि एकदा चोची मारून हाकलली.

मळेवाली_दिंडोरी
खूप आभार सगळ्यांचे. दादा, नर दोन्ही जातीचे आहेत आणि मोकळेच फिरतात, त्यामुळे खाकीचं 3 एप्रिलपर्यंत थांबते. रात्री टॉर्च मारला. खाकीचं 1 आणि मस्कोव्हीची 2 कोरी निघाली, बाकी काळी. एका गावरान अंड्यात बारीक लाल शिरा आणि मधे काळा ठिपका सरकताना दिसला, सासूबाई चष्मा लावून पाच मिनिटं बघत होत्या. तारखा मोटरच्या स्टार्टरच्या डब्यावर खडूने लिहिल्यात. आता सासूबाई म्हणतायत तीन अंड्यांची जागा रिकामी झाली, अजून दोन ठेवू का. खोलीला कुलूप लावलंय.