वाळवणाचे वेफर्स आणि अ‍ॅक्रिलामाइड : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

बी-३०४ : बटाट्याचे वेफर्स, टोस्ट आणि कॉफी यांत कर्करोगाला कारणीभूत ठरणारे अ‍ॅक्रिलामाइड असते, तेव्हा हे पदार्थ घरात आणूच नयेत, असा संदेश सकाळपासून ग्रुपवर फिरतो आहे. रविवारी गच्चीवर आपण सगळ्याजणी वाळवणाच्या वेफर्सचा घाट घालणार आहोत. ताई, तुम्ही अन्नतंत्रज्ञान शिकवता, म्हणून विचारते : यात तथ्य किती?

ए-१०२ : वहिनी, मूळ गोष्ट खरी आहे; पदार्थ हद्दपार करण्याचा सल्ला मात्र टोकाचा आहे. बटाट्यात आणि गव्हात अ‍ॅस्परॅजिन हे अमिनो आम्ल आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज या साखरा मुळातच असतात. तापमान १२० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन पदार्थातले पाणी आटू लागले, की या दोहोंच्या अभिक्रियेतून तांबूस रंग आणि खमंग वास येतो आणि त्याच ओघात अ‍ॅक्रिलामाइडही तयार होते. त्यामुळे उकडलेल्या बटाट्यात, भातात किंवा उकडीच्या मोदकात ते जवळजवळ नसते.

याचा शोधही अनपेक्षितपणे लागला. १९९७ साली स्वीडनमध्ये हॅलंडसॉस बोगद्याच्या कामात गळती रोखण्यासाठी वापरलेल्या रसायनातून अ‍ॅक्रिलामाइड पाण्यात उतरले आणि कामगारांचे रक्त तपासावे लागले. तुलनेसाठी निवडलेल्या, बोगद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या लोकांच्या रक्तातही त्याच्या खुणा आढळल्या, तेव्हा संशोधक अन्नाकडे वळले. एप्रिल २००२ मध्ये तळलेल्या आणि भाजलेल्या पिष्टमय पदार्थांतले त्याचे अस्तित्व जाहीर झाले.

डी-४०१ : आमच्या घरात तीन पिढ्या वेफर्स आणि खरपूस भाकरी खात आल्या आहेत. मग आताच एवढी भीती कशासाठी?

ए-१०२ : काका, भीती बाळगू नये हे मलाही मान्य आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये अ‍ॅक्रिलामाइडला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले, ते प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे. माणसांच्या आहाराच्या अभ्यासांतून एकसारखे निष्कर्ष निघालेले नाहीत. तरीही मुलांच्या बाबतीत मी आग्रही आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१५ च्या अहवालानुसार मोठ्यांच्या पोटात दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सरासरी ०.४ ते ०.९ मायक्रोग्रॅम, तर लहान मुलांच्या पोटात ०.५ ते १.९ मायक्रोग्रॅम अ‍ॅक्रिलामाइड जाते. मुलांचे वजन कमी, आणि बिस्किटे व तळलेला बटाटा त्यांच्या खाण्यात वरचेवर. तीन पिढ्यांपूर्वी वेफर्सचा डबा सणावारी आणि उपवासाला उघडत असे. आज पाकीट रोज शाळेच्या दप्तरात असते, हा फरक मला मोठा वाटतो.

बी-३०४ : मग रविवारचा बेत रद्द करावा का?

ए-१०२ : मुळीच नको. फक्त बटाटा पारखून घ्यावा. शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि अशा बटाट्याचे वेफर्स कढईत पडताच लाल होतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर्ससाठी साखर कमी असलेली ‘कुफरी चिपसोना’ ही जात मुद्दाम विकसित केली. ती मिळाली तर उत्तम, नाहीतर नवा बटाटा घ्यावा आणि चार काचऱ्या आधी तळून रंग पाहावा. काचऱ्या दोन-तीन पाण्यांतून धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून मग वाळत घालण्याची आपली जुनी रीत इथे फार उपयोगी पडते, कारण साखर आणि अ‍ॅस्परॅजिन दोन्ही पाण्यात उतरतात. ते पाणी पुन्हा वापरू नये. वेफर्स फिकट पिवळे असतानाच काढावेत. एअर फ्रायरमुळे तेल वाचते, पण उष्णता तेवढीच लागत असल्याने तिथेही रंगावर नजर ठेवावीच लागते.

सी-२०३ : आणि आमची सकाळची फिल्टर कॉफी?

ए-१०२ : काकू, कॉफीचे दाणे भाजताना अ‍ॅक्रिलामाइड सुरुवातीला तयार होते आणि पुढे कमी होत जाते, त्यामुळे गडद भाजलेल्या कॉफीत ते तुलनेने कमी असते. कॉफीच्या पुडीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीच्या भाजलेल्या मुळांचे तसे नाही. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमात भाजलेल्या कॉफीसाठी किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम, तर निव्वळ चिकोरीच्या पेयासाठी ४,००० मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी, म्हणजे उत्पादकांनी जिच्या खाली राहण्याचा प्रयत्न करावा अशी पातळी आहे. पाकिटावर चिकोरीचे प्रमाण छापलेले असते; ते कमी असलेली पूड निवडावी आणि कॉफी खुशाल घ्यावी.