मदत हवी आहे: रिमॅप केलेल्या टर्बो गाडीत वरच्या गिअरला 'ठक्' आवाज, इंजिन वाचवायचं कसं?

पाचवा_गिअर:
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलोय म्हणून लिहितो. गाडी १.५ लिटर, चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल. सहा महिन्यांपूर्वी ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करून घेतला, म्हणजे त्यातला मॅप, इंजिन चालवायची आकडेमोड, बदलून ताकद वाढवली. टॉर्क २५० न्यूटन मीटरवरून ३२० च्या आसपास गेलाय. बाकी सगळं मूळचंच, फक्त स्पार्क प्लग नवे टाकले (ते मीच बदलले).

तेव्हापासून गाडीला जिवापाड जपतोय. ४००० आरपीएमच्या वर कधी नेत नाही. ताकद इतकी आहे की चढावर गिअर बदलायची गरजच पडत नाही, पाचव्यात १६००-१७०० ला पाय दाबला तरी झकास ओढते. गेल्या आठवड्यात असाच दाबला आणि बॉनेटखाली कुणीतरी हातोडी मारावी तसा एकच 'ठक्' आवाज आला. परवा पुन्हा तसाच, एकदाच. चेक इंजिनचा दिवा नाही, ओढ कमी झालेली नाही. पेट्रोल ९५ ऑक्टेन, मॅपही ९५ चाच.

हे नॉकिंग आहे का? ९८ भरलं तर जाईल का? आणि इंजिन फुटू नये म्हणून नेमकं कशावर लक्ष ठेवायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

बूस्टवेडा:
ऑक्टेन बूस्टरची बाटली ओता आणि टर्बो टायमर (किल्ली काढल्यावरही टर्बो थंड व्हायला इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो तो) बसवा. माझी गाडी तीन वर्षं अशीच चाललीये.

स्पॅनरदादा:
बाटली राहू द्या. पाचवा_गिअर, तुम्ही जपताय ते चुकीच्या टोकाला. ४००० च्या वर जात नाही म्हणता, पण १६०० ला पूर्ण बूस्ट, म्हणजे टर्बोचा पूर्ण दाब, मागता. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोला सगळ्यात घातक जागा तीच.

साधं नॉकिंग म्हणजे ठिणगी पडल्यानंतर उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं. त्याचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा, सलग. नॉक सेन्सरला तो कळतो, ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो, विषय मिटतो. तुमचा एकटा 'ठक्' मला एलएसपीआयचा वाटतो, म्हणजे कमी आरपीएमला ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटणं. ठिणगीच्या आधीच पेटल्यावर ठिणगी उशिरा टाकून काय उपयोग? सेन्सरला कळेपर्यंत दणका बसून गेलेला असतो. असा एखादा जोरदार दणकासुद्धा पिस्टनची रिंग लँड, म्हणजे दोन रिंगांमधली कड, तोडू शकतो.

त्यात ३२० न्यूटन मीटर खालीच मिळाला की कनेक्टिंग रॉडवरही ताण येतो. रॉड वाकतो तो बहुतेकदा टॉर्कने, हॉर्सपॉवरने नाही.

आजपासून एकच करा: २५०० च्या खाली पाय पूर्ण दाबायचा नाही. चढ आला की एक किंवा दोन गिअर खाली. आणि ज्याने मॅप केलाय त्याला सांगून खालच्या आरपीएमचा टॉर्क कमी करून घ्या. गाडी थोडी आळशी वाटेल, वाटू द्या.

पाचवा_गिअर:
बापरे. म्हणजे मी जपतोय म्हणून जे करत होतो तेच... आणि ९८ चं?

स्पॅनरदादा:
९८ ने साधं नॉकिंग कमी होतं, पण ठिणगीआधीच्या पेटण्यावर तो भरवशाचा उपाय नाही. त्यापेक्षा ऑइल बघा. वंगणतज्ज्ञ, या जरा.

वंगणतज्ज्ञ:
आलो. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल आणि पेट्रोल यांचे थेंब उडून ठिणगीआधी पेटतात, हे यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटने हा प्रकार वाढतो, मॅग्नेशियमच्या डिटर्जंटने तसा वाढत नाही. म्हणून २०१८ मध्ये एपीआय एसएन प्लस हा ऑइलचा दर्जा आला आणि २०२० मध्ये एसपी. डब्यामागे एसपी लिहिलंय का बघा. ग्रेड मात्र मॅन्युअलमध्ये दिलेलाच घ्या, 'ट्यून केलीये म्हणून जाड' असं मनाने नको. मॅन्युअलमधल्या मुदतीच्या निम्म्यात बदला, कारण या इंजिनांत पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं.

आणखी एक. कूलंटचा काटा मधे आला म्हणजे ऑइल तापलं असं नाही, ते बरंच मागून येतं. ऑइल ८० अंशांच्या आसपास जाईपर्यंत बूस्ट मागू नका. टर्बो टायमरचं म्हणाल तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवले की टर्बो तेवढ्यात थंड होतो.

हळूबाई:
आवाजावरून डॉक्टरकी पुरे, लॉग घ्या, म्हणजे गाडी चालताना ईसीयूचे आकडे नोंदवून घ्या. ओबीडीला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) साधा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर चालेल, फक्त अ‍ॅप तुमच्या ईसीयूचे आकडे वाचणारं हवं. बंद ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर चालवून मोजतात तिथे), तिसऱ्या गिअरला २५०० पासून ६००० पर्यंत एकदा पूर्ण दाबून घ्या. (हो, ६००० पर्यंत. गरम इंजिन त्याने मरत नाही.) बघायचं काय: प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन करेक्शन (नॉकिंगमुळे ईसीयू ठिणगी किती अंश उशिरा टाकतो ते), लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), फ्युएल रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) मागितलेला आणि मिळालेला दाब, इनटेकचं तापमान. पूर्ण बूस्टला लॅम्बडा साधारण ०.८० ते ०.८५ असावा. वर जाता जाता तो ०.९५ कडे सरकला आणि रेलचा दाब पडला, तर पंपाचा दम संपलाय. तसं दिसलं तर त्याच क्षणी पाय काढा.

बूस्ट पाइपांचे क्लॅम्पही तपासा. हवा गळत असली तर ठरलेला दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं, आणि वरवर सगळं नॉर्मल दिसतं.

पाचवा_गिअर:
लॉग घेतला. लॅम्बडा ०.८३, रेलचा दाब बरोबर, इनटेक ४६ अंश. पण करेक्शन विचित्र आहे: पहिला, दुसरा, चौथा उणे १ अंशाच्या आत, तिसरा एकटाच उणे ६ पर्यंत जातो.

हळूबाई:
एकच सिलिंडर म्हणजे पेट्रोल किंवा मॅपवर संशय घ्यायचं कारण नाही, ते चारही सिलिंडरना सारखंच मिळतं. दोष तिसऱ्यातच आहे. प्लग, इंजेक्टर किंवा कार्बन. प्लगपासून सुरू करा. तुम्हीच बदललेत ना?

पाचवा_गिअर:
सांगायला लाज वाटते. तिसरा प्लग जवळजवळ हातानेच सुटला. बाकी तीन नीट आवळलेले होते. टॉर्क रेंच नव्हता, अंदाजाने फिरवले होते.

स्पॅनरदादा:
सापडलं. प्लगच्या टोकाची उष्णता बरीचशी सिलिंडर हेडला टेकलेल्या बैठकीतून बाहेर जाते. बैठक सैल म्हणजे टोक तापतं, मग त्या सिलिंडरला नॉकिंग होतं. टोकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर चकचकीत ठिपके आहेत का ते भिंगाने बघा. असतील तर ते पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम.

पाचवा_गिअर:
ठिपके नाहीत, नुसता पांढराफट्ट आहे. इंजिन गरम करून कॉम्प्रेशनही (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते) घेतलं: १२.४, १२.५, १२.०, १२.४ बार.

स्पॅनरदादा:
वाचलात. फरक ५ टक्क्यांच्या आत आहे. तो प्लग फेका, चारही नवे घाला, एक हीट रेंज थंड (म्हणजे टोकाची उष्णता जास्त लवकर बाहेर सोडणारे) आणि गॅप ०.६५ मिलिमीटर. मोजताना इरिडियमच्या मधल्या टोकाला पट्टी लावू नका, तुटतं. यावेळी टॉर्क रेंच कुणाकडून तरी मागून आणा.

पाचवा_गिअर:
आणला. प्लग बसवले, एसपी ऑइल भरलं, पुन्हा लॉग घेतला: तिसरा आता उणे १. चढावर तिसऱ्यात टाकून ३००० ला चालवतोय, घरचे विचारतात एवढी का रडवतोस गाडी. 'ठक्' दोन आठवड्यांत आलेला नाही. तो सैल प्लगमुळे होता की पाचव्यात दाबल्यामुळे, हे मात्र कळलं नाही.

हळूबाई:
लॉगमधलं उणे ६ प्लगचं. 'ठक्' बहुधा तुमच्या उजव्या पायाचं. खात्री करायला पुन्हा पाचव्यात १६०० ला दाबून बघू नका म्हणजे झालं.