मदत हवी आहे: 'वासना'ला दुसरा शब्द (आज संध्याकाळपर्यंत)

बोरकूट: 'वासना'ला दुसरा बरा शब्द सुचवा. 'इच्छा' नको, लावून पाहिला, बसत नाही. पाचला छापखान्यात मजकूर द्यायचाय.

ठिपके_रांगोळी: कामना, अभिलाषा, आकांक्षा, मनीषा, लालसा, तृष्णा. घ्या हवा तो.

ओसरी: हवा तो कसा घेणार? हौस पुरवतात, हाव सुटते, आस लागते, डोहाळे लागतात. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पूर्ण वाक्य द्या ना!

जुना_मास्तर: वासना म्हणजे मुळात चित्तावर उरलेला पूर्वसंस्काराचा ठसा. लोकांनी शब्दाची पार नासाडी केली. 'मनीषा'सुद्धा संस्कृतात बुद्धी, विचारही. मराठीत उरली ती इच्छाच.

बोरकूट: मास्तर, साडेतीन वाजले. आजीच्या वर्षश्राद्धाला छोटी पुस्तिका काढतोय. वाक्य असं: 'शेवटचे दोन महिने तिची अन्नावर वासना नव्हती.' चुलतभाऊ म्हणतो, आजीच्या बाबतीत वासना? लोक हसतील.

फोडणी: 'भूक नव्हती' लिहा. संपला विषय.

ओसरी: नाही संपला. भूक पोटाची. माझ्या सासऱ्यांना भूक लागायची, ताट मागायचे, भात कालवायचे, आणि घास तोंडाशी नेऊन परत ताटात ठेवायचे. ते वासना नसणं. 'तोंडाला चव नाही' हे तिसरंच, तापातलं. आणि 'इच्छा' का बसेना, तर वासना 'अन्नावर' असते, इच्छा 'अन्नाची'. तुम्ही 'वर' तसाच ठेवला असणार.

फोडणी: आमच्या आईला आवळासुपारीने खूप फरक पडला होता. जेवणाआधी द्यायची.

बोरकूट: अहो, आजी जाऊन वर्ष झालं.

गावकूस: गेलेल्या माणसाचीही वासना राहतेच की. कावळा पिंडाला शिवेना की आमच्याकडे म्हणतात, 'कशात तरी वासना अडकलीय.' तेव्हा हसतं का कोणी? विचारा तुमच्या भावाला.

ठिपके_रांगोळी: तुम्ही समानार्थी विचारले म्हणून समानार्थी दिले. आधी वाक्य द्यायचं होतं.

बोरकूट: चुकलं. भाऊ 'अन्नावर मन नव्हतं'वर अडून बसला होता. मग आत्याला फोन लावला. ती म्हणाली, आजी स्वतःच म्हणायची, 'अन्नावरची वासनाच उडाली गं.' तेच अवतरणात टाकलं. मजकूर गेला.

जुना_मास्तर: पुस्तिकेत 'प्रती पाहिजे असल्यास' छापलं नाही ना? 'हव्या असल्यास' बरं.

बोरकूट: छापलंय.