मदत हवी आहे: ‘आवाज तुटतोय’ आता चालत नाही, काय करू?

एका नातेवाइकांचा फोन आला की तासभर सुटका नाही. ‘हॅलो... आवाज तुटतोय’ म्हणून मधेच ठेवला, तर लगेच व्हॉट्सॲपवर कॉल! कोणीतरी सुचवलं, आपण बोलत असतानाच फ्लाइट मोड लावायचा, म्हणजे मुद्दाम कापल्यासारखं वाटत नाही. पण वायफाय चालू राहिलं तर व्हॉट्सॲपचा कॉल तसाच सुरू राहतो, आणि नेटवर्क व वायफाय दोन्ही बंद ठेवलं तर कामाचे फोनही अडकतात. तोंडाने खरखर काढायला जावं तर मलाच हसू फुटतं. ते वयाने मोठे, मनाने चांगले. ब्लॉक वगैरे करायचं नाहीये. न दुखावता बोलणं आवरतं घ्यायला तुम्ही नेमकं काय म्हणता? की नेटवर्कचंच पटण्यासारखं एखादं निमित्त शिल्लक आहे?