मदत हवी आहे: मुंबई–हीथ्रो प्रवास नक्की किती तासांचा?

मंडळी, आई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे, तीही एकटी. बहिणीच्या बाळंतपणासाठी ऑगस्टअखेर मुंबईहून लंडनला जाईल आणि नोव्हेंबरच्या मध्यात परत येईल. विमान थेट आहे.

तिकीट आल्या आल्या आईने कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. जाताना दुपारी 1.15 ला निघून संध्याकाळी 7 ला पोचणार, म्हणजे पावणेसहा तास. येताना रात्री 8.30 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.15 ला, म्हणजे पावणेपंधरा! "येताना वाटेत मुक्कामाला थांबतं की काय रे?"

तिला समजावलं की तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते आणि लंडन आपल्या साडेचार तास मागे. म्हणून जाताना साडेचार मिळवले, येताना वजा केले. दोन्हीकडे सव्वादहा तास आले. आईचं समाधान झालं, माझं गेलं. येताना वारा पाठीशी असतो, वेळ कमी लागतो असं ऐकलंय. मग दोन्ही सारखे कसे?

शिवाय नेटवर अंतर दिसतंय सुमारे 7,200 किमी. ताशी 900 ने भागलं तर आठच तास होतात. वरचे सव्वादोन कुठे जातात?

आईची रक्तदाबाची गोळी रात्री साडेआठला असते, जाताना ती वेळ विमानातच येणार, म्हणून एवढी चौकशी. कृपया जाणकारांनी सांगा.

प्रतिसाद 1:
घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा. कच्छ, कराची, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन, पोलंड असा जातो. तुमचे 7,200 किमी म्हणजे हा दोरा. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि मुदत महिन्यामहिन्याने वाढवत नेली. कंपनी भारतीय असेल तर अरबी समुद्रावरून वळसा आलाच. त्यात जाताना वारा समोरून. आणि तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, धावपट्टीसाठी रांगेत उभं राहणंही त्यात धरलेलं असतं.

प्रतिसाद 2:
हिशेब येतानाचा चुकलाय. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळं तासभर मागे घेतात. नोव्हेंबरात फरक साडेपाच तासांचा. पावणेपंधरातून साडेपाच गेले, उरले सव्वानऊ. हाच तो वाऱ्याचा तास, आणि थंडीत तो वारा जोरही धरतो. विमानतळावर आणायला जाणाऱ्याला काही फरक नाही, 11.15 म्हणजे आपलेच 11.15. गोळीचं मात्र डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार! भाचीच्या दप्तराशेजारचा गोल काढून दोरा लावला, खरंच कराचीवरून गेला. डॉक्टर म्हणाले, जाताना गोळी भारतातल्या साडेआठलाच घ्या. निघाल्यापासून सव्वासात तासांनी. आई मनगटावरचं चावीचं घड्याळ हीथ्रोपर्यंत इथल्याच वेळेवर ठेवणार आहे. घड्याळं मागे घेतात हे ऐकून म्हणाली, "म्हणजे त्या रात्री तासभर जास्त झोप. बाळ झोपू देईल तर."