ब्लॅकजॅकमधील पत्तेमोजणी आणि इंट्राडे ट्रेडिंग: ही तुलना कुठवर टिकते?

कर्दळीवन

नमस्कार. माझा मावसभाऊ निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या साप्ताहिक ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावाने खरेदी किंवा विक्री करण्याचे आठवड्यापुरते हक्क) दिवसाच्या दिवसात खरेदी-विक्री करतो. घरात कोणी त्याला जुगार म्हटले की तो लास व्हेगासच्या पत्ते मोजणाऱ्यांचा दाखला देतो. कॅसिनोला हरवता येते हे गणिताने सिद्ध झालेले आहे, प्रत्येक डाव जिंकण्याची गरज नसते, पारडे किंचित आपल्याकडे झुकलेले असले आणि शिस्त पाळली की पुरे, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून त्याने वही दाखवली: शेवटच्या 200 सौद्यांपैकी 112 फायद्यात. त्याचा युक्तिवाद मला पूर्ण पटत नाही, पण तो नेमका कुठे तुटतो हेही सांगता येत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

इस्पिक एक्का

आधी पत्तेमोजणी चालते कशी ते पाहू, कारण तुलनेचा सगळा भार तिच्यावर आहे. ब्लॅकजॅकमध्ये खेळाडू आणि कॅसिनोच्या वतीने खेळणारा डीलर दोघेही एकवीसच्या जास्तीत जास्त जवळ जाऊ पाहतात, आणि एकवीस ओलांडणारा फुटतो, म्हणजे हरतो. हाय-लो या सर्वांत प्रचलित पद्धतीत दुर्रीपासून छक्कीपर्यंतचा पत्ता निघाला की अधिक एक, दश्शी, चित्रे आणि एक्का निघाला की उणे एक, आणि सत्ती-अठ्ठी-नव्वीला शून्य धरतात. एका कॅटमध्ये लहान पत्ते 20 आणि मोठेही 20, म्हणजे पूर्ण कॅटची बेरीज शून्य येते. समजा, सहा कॅटच्या 312 पत्त्यांपैकी निम्मे वाटून झाले आणि बेरीज अधिक 9 आहे. उरलेल्या तीन कॅटने भागले की खरी मोजणी अधिक 3 येते. बिनचूक खेळणाऱ्याविरुद्धही कॅसिनोची सुरुवातीची आघाडी सुमारे अर्धा टक्का असते आणि खऱ्या मोजणीच्या प्रत्येक एककामागे खेळाडूला साधारण अर्धा टक्का मिळतो, म्हणून या क्षणी तो जवळपास एक टक्क्याने पुढे आहे. मोठे पत्ते त्याला का मानवतात? एक तर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहा मोलाचा पत्ता) लागल्यास त्याला दीडपट मिळते, डीलरला लागल्यास मात्र खेळाडूची फक्त लावलेली रक्कम जाते. दुसरे म्हणजे बारा ते सोळावर अडकलेल्या डीलरला नियमाने आणखी पत्ता घ्यावाच लागतो आणि तो फुटतो.

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. गठ्ठा सान्त आहे, म्हणून गेलेला पत्ता उरलेल्यांची शक्यता खरोखर बदलतो. एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाने 1962 सालच्या पुस्तकात हे मांडले, तेव्हा त्याची सर्वांत सोपी युक्ती केवळ पंज्या मोजण्याची होती: एका कॅटमधून चारही पंज्या गेल्या की खेळाडू तीन टक्क्यांहून अधिक पुढे जातो. दुसरी गोष्ट, डीलरला स्वतःची बुद्धी चालवण्याची मुभाच नाही.

बाजारात या दोहोंपैकी काहीच नाही. पाच लाल कँडल (चार्टवरच्या भाव पडल्याच्या खुणा) ओळीने लागल्या म्हणून लाल कँडलचा साठा संपत आलेला नसतो, कारण तसा साठाच नसतो. किमतींना अल्पकाळ काही कल असतोही, पण तो किती आणि कुठवर टिकेल हे कुठल्याही गठ्ठ्यावर लिहिलेले नसते. ते जुन्या किमतींवरून अनुमानानेच काढावे लागते. शिवाय समोरचा माणूस सोळावर पत्ता घ्यायला बांधलेला नाही. आपल्याला जे दिसते ते त्यालाही दिसते, आणि बहुधा आपल्याआधी.

तळटीप

वहीतल्या आकड्याविषयी एवढेच सांगतो. नाणे 200 वेळा उडवले तर सरासरी 100 छापे येतात आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचा नेहमीचा चढउतार, सुमारे 7 असते. 112 किंवा त्याहून अधिक छापे येण्याची शक्यता साधारण पाच टक्के, म्हणजे वीस जणांनी नाणी उडवली तर त्यांतल्या एकाकडे अशी वही सापडावी. आणि ऑप्शन्स करणारे वीसपेक्षा पुष्कळच जास्त आहेत.

दलाल गल्ली

मी स्वतः या बाजारात असल्याने थोडी दुसरी बाजू मांडतो. तुलना अगदीच टाकाऊ नाही. मात्र ती कोणत्या ट्रेडिंगशी करतो याला महत्त्व आहे. थॉर्प स्वतः पुढे शेअर बाजारात आला, पण त्याने चार्ट वाचले नाहीत. शीन कसूफ यांच्याबरोबर 1967 साली त्याने मांडलेली पद्धत अशी, की कंपनीचे वॉरंट (तिचा शेअर ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) तिच्या शेअरच्या मानाने महाग असेल तर वॉरंट विकावे आणि शेअर घ्यावा, म्हणजे बाजार कुठेही गेला तरी दोहोंतील विसंगतीवर कमाई व्हावी. हे मात्र पत्तेमोजणीचे खरे भावंड आहे, कारण आघाडी सौद्याआधी कागदावर काढता येते. आपल्याकडे कॉल (घेण्याचा हक्क), पुट (विकण्याचा हक्क) आणि फ्युचर (पुढच्या तारखेचा बांधील सौदा) यांच्या किमतींतला मेळ चुकला तर तोच हिशेब लागू पडतो.

अडचण अशी की ही दरी आता यंत्रे डोळ्याचे पाते लवण्याआधी बुजवतात. बाजार नियामक सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधील 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. 2023-24 मध्ये परदेशी गुंतवणूकदार आणि स्वतःच्या भांडवलावर ट्रेडिंग करणाऱ्या संस्था मात्र नफ्यात होत्या, आणि त्या नफ्याचा 95 टक्क्यांहून अधिक भाग अल्गोरिदमच्या सौद्यांतून आला होता. ब्लॅकजॅकच्या टेबलावर निदान डीलर पत्ते मोजत नाही.

कॅसिनोतही मोजणाऱ्याला लाल गालिचा नसतो, हेही खरे. लास व्हेगासच्या नेवाडा राज्यात त्याला सरळ बाहेर काढतात. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 साली केन उस्टन या पत्ते मोजणाऱ्याच्या खटल्यात कॅसिनोंना तसे करण्यास मनाई केली, पण पत्ते लवकर पिसण्याचा उपाय उरलाच. बाजार कोणाला हाकलत नाही. तिथे माणूस राहतो, आघाडी निघून जाते.

कर्दळीवन

सर्वांचे आभार. वही पुन्हा मागून घेतली. फायद्याच्या सौद्यांत सरासरी 900 रुपये मिळाले आहेत आणि तोट्याच्या सौद्यांत सरासरी 1,250 रुपये गेले आहेत. त्याच्या मते आता फक्त रक्कम किती लावायची हे ठरवायचे बाकी आहे. पत्ते मोजणारे केलीचे सूत्र (आघाडी पाहून भांडवलाचा किती भाग लावायचा ते सांगणारे) वापरतात असे तो म्हणतो. ते इथे लावता येईल का?

इस्पिक एक्का

सूत्र लावण्याआधी बेरीज करा. 112 गुणिले 900 म्हणजे 1,00,800 आणि 88 गुणिले 1,250 म्हणजे 1,10,000; खर्चाआधीच 9,200 रुपयांची तूट. प्रत्येक ऑर्डरला 20 रुपये ब्रोकरेज धरले तर 200 सौद्यांच्या जाण्या-येण्याचे 8,000 रुपये वेगळे, आणि एसटीटी (शेअर बाजारातील व्यवहारांवरचा कर), जीएसटी, खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर हे त्याहून निराळे. आघाडी उणे असेल तर केलीचे उत्तर शून्य येते. मोजणी उणे असताना पत्ते मोजणाराही किमान रक्कम लावतो किंवा टेबलावरून उठतो.

आघाडी अधिक झाली असे मानले तरी पुढचा पेच राहतोच. ब्लॅकजॅकमध्ये एक टक्का आघाडी आणि सुमारे 1.3 विचरण (निकालांच्या चढउताराचे माप) धरले तर केलीप्रमाणे पहिल्याला दुसऱ्याने भागून भांडवलाचा जेमतेम पाऊण टक्का लावायचा, म्हणजे दोन लाखांवर 1,500 रुपये. आघाडीचा अंदाज दुप्पट चुकला आणि त्या प्रमाणात रक्कमही दुप्पट लावली, तर दीर्घकाळात भांडवलाची वाढ जवळपास शून्यावर येते, म्हणून अनेक मोजणारे सूत्राच्या निम्मीच रक्कम लावतात. निफ्टीचा लॉट (एका सौद्यातले किमान नग) 2025 मध्ये होता तसा 75 चा आणि प्रीमियम (ऑप्शनचा प्रत्येक नगामागचा भाव) 100 रुपये धरला, तर एका लॉटलाच 7,500 रुपये लागतात. नोव्हेंबर 2024 पासून नव्या निर्देशांक करारांचे मूल्य किमान 15 लाख ठेवण्याची सेबीची अट असल्याने लॉटचा आकार तेव्हा वाढला, अर्धा किंवा पाव लॉट मिळत नाही, आणि अगदी स्वस्त, दूरच्या स्ट्राइकचे (ठरलेल्या भावाचे) ऑप्शन घेतले तर सौद्याचे गणितच बदलते. त्याचे भांडवल किती आहे ते कळवल्यास पुढचा हिशेब करता येईल.